चढ मोजू नये

सकाळी पावणेआठला आमच्या टेकडीच्या माथ्यावर एकवीस गाड्या नाकं खाली करून रांगेत उभ्या असत, आणि प्रत्येक गाडीत एकेक शिकलासवरलेला माणूस उजव्या हाताचा अंगठा स्वच्छ धुऊन, डोळे मिटून बसलेला असे. रांगेतली पहिली गाडी माझी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे हसताना नेमकं कुणाला हसायचं असा गोंधळ नको.

मग अ‍ॅव्हरेजबुवा यायचे. कडक इस्त्रीचा पांढरा पोशाख, हातात पांढरे हातमोजे, गळ्यात डॉक्टरांसारखी एक रबरी नळी. ती नळी कशाला जोडलेली नव्हती, पण ती बॉनेटला टेकवून बुवा दुसरं टोक कानाला लावत आणि बराच वेळ ऐकत.

"पोटात आग आहे," ते म्हणत. "फार पिते का?"

"पीत होती हो," मी म्हणे. "तुमच्या हातात आल्यापासून बरी आहे."

"मी कोण. करणारी गाडी, करवणारा अंगठा."

मग ते खिडकीतून हात घालून माझा अंगठा स्टिअरिंगवरच्या एका बटणावर ठेवत आणि वरून स्वतःचा दाबत. "सात मोजा. मनात मोजा. सातापुढे जाऊ नका, मोजणारा फुगतो." मोजता मोजता स्क्रीन टुणकन वाजे. डोळे उघडावेत तर सगळे जुने आकडे पुसले गेलेले, स्क्रीन कोरी. "जा. आता ही पीत नाही. आता ही देते."

आणि खरोखर द्यायची. आमची वसाहत टेकडीच्या डोक्यावर, गाव पायथ्याशी, मध्ये सात किलोमीटरचा वळणावळणांचा रस्ता. पहिल्या वळणालाच स्क्रीनवर आकडा उमटे: लिटरला नव्व्याण्णव पॉइंट नऊ किलोमीटर. दुसऱ्या वळणाला तेवढाच. पायथ्याच्या चौकात पोचलो तरी तेवढाच. अंगावर काटा यायचा. शंभर का होत नाही, असं दातांच्या डॉक्टरांनी एकदा विचारलं, तेव्हा बुवांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "यंत्राला त्यापुढे लिहिता येत नाही. कृपा पुढे चालूच असते."

संध्याकाळी परतताना मात्र एक नियम होता, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. पायथ्याशी गाडी थांबवायची, बुवांकडून घेतलेलं मखमलीचं झाकण स्क्रीनवर चढवायचं आणि मुकाट्याने वर यायचं. सकाळच्या संस्कारापर्यंत झाकण काढायचं नाही. "चढ मोजू नये," बुवा बजावत. "घाम मोजला की बरकत जाते." झाकणाला छान इलॅस्टिक होतं. आमच्या भूगोलाच्या बाई तर पोपटाचा पिंजरा झाकावा तशा मायेने ते ओढून घेत आणि वर दोनदा थोपटत.

गाडीचा यात काडीचा दोष नाही, बिचारी गुणी होती. हायब्रिड म्हणजे पोटात पेट्रोलचं इंजिन आणि जोडीला बॅटरीवरची मोटर. ब्रेक मारला की एरवी जी ताकद वाया जाते, त्यातली थोडी बॅटरीत साठते आणि पुढे कामाला येते. शोरूममध्ये मला हे समजावलं तेव्हा मी सगळं आधीपासून ठाऊक असल्यासारखी मान हलवली होती. जुनी गाडी या टेकडीवर लिटरला अकरा द्यायची. नवी तिच्यापेक्षा बरी चालत होती, तेवढ्यावर एखादा समाधानी झाला असता. पण मी साध्या समाधानाचा माणूस नाही. वसाहतीत मला थापाडे काका म्हणतात, आणि ते काही उगाच नाही. मी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. मी तेल दिलेली एक लिफ्ट इतकी हलकी झाली होती की आत माणूस बसल्याशिवाय ती खाली यायलाच तयार नसे, वरच्या मजल्यावर छताला चिकटून राही. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मलाही आठवतं.

तेव्हा नव्व्याण्णव पॉइंट नऊ मला पुरणार कसं? मी सांगत सुटलो की उतारावर माझ्या टाकीतलं पेट्रोल वाढतं. पायथ्याला पोचल्यावर जास्तीचं एका डब्यात काढून ठेवावं लागतं, नाहीतर टाकीचं झाकण उडतं. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, डबा कुठे आहे? म्हटलं, कालच एका गरजू रिक्षावाल्याला दिला. डॉक्टरांचे डोळे पाणावले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी जुनी गाडी काढून हायब्रिड घेतली. बुवांच्या कृपेने आणि माझ्या जिभेने अशा वसाहतीत एकवीस झाल्या. पेट्रोल पंपावर आम्ही एकमेकांना भेटत होतोच, पण त्याबद्दल बोलायचं नाही, असं न ठरवताही ठरलं होतं. बुवांनी पंपावर मौन सांगितलं होतं. आम्ही ते फार मनापासून पाळलं.

आता आठ नंबरच्या बसबद्दल.

ही बस गावातून आमच्या टेकडीवर यायची आणि परत जायची. पूर्वी सकाळच्या फेरीला चाळीस माणसं असत. गाड्या वाढल्या तशी माणसं गळाली, आणि उरली सहा. मग बसच्या कचेरीतून पत्र आलं: सहा माणसांसाठी एवढी मोठी बस चढवायची की नाही, रविवारी सभा घेऊन कळवावं. वसाहतीचा अध्यक्ष मी. मी लगेच सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलं आणि शुक्रवारी संध्याकाळी आमच्या हिला वाचून दाखवलं.

ही गावातल्या ग्रंथालयात फाटलेली पुस्तकं शिवते. जवळचं तिला सुईच्या नेढ्याएवढंही स्पष्ट दिसतं, लांबचं मात्र हत्तीएवढं असलं तरी धूसर. म्हणून तिला गाडी चालवायचा परवाना मिळाला नाही, आणि म्हणून तेवीस वर्षं ती आठ नंबरने जाते. त्या वेळी ती दोऱ्याला मेण लावत बसली होती.

"परत वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं. "आम्हाला आता बसची गरज उरलेली नाही. तरी ती अन्यत्र गरजूंसाठी वळवावी."

"यातले आम्ही म्हणजे कोण?"

"वसाहत."

"मी कुठे राहते मग?"

"अगं, तुला काय चिंता? मी सोडीन ना तुला. थेट दारात."

"आणि आणायला?"

"येईन की."

"चार वाजता सुटते मी. तुमची झोप साडेचारपर्यंत असते."

"एखादा दिवस थांबशील पायरीवर."

तिने मेणाचा तुकडा खाली ठेवला. "तेवीस वर्षं मी घरातून निघते ती कुणाला न विचारता. आता चप्पल घालायच्या आधी तुमच्या खोलीत डोकावून बघू, उठलेत का, गाडी काढायचं मनात आहे का? त्यापेक्षा सांगा सरळ, काम सोड म्हणून."

"मी असं म्हटलं का?"

"लिहिलंय ना सुवाच्य अक्षरात."

भांडली असती तर मी जिंकलो असतो, भांडणात माझी बरी गती आहे. पण ती उठली, आणि तिने लेकीला फोन लावला.

आमची लेक वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानातले तराजू तपासते. लोक म्हणतात, काटा शून्यावर आहे का बघा. ती म्हणते, शून्य कुणी आणि कुठे धरलंय ते आधी बघा. असली पोर घरी येणार म्हटल्यावर मला त्या रात्री जेवण गेलं नाही, असं मी सांगतो. ही म्हणते दोनदा वाढून घेतलं.

शनिवारी सकाळी लेक माझ्या शेजारच्या सीटवर बसली. बुवांनी नळी लावली, अंगठा दाबला, स्क्रीन टुणकन वाजली. बुवांनी तिच्याकडे पाहून हात जोडले. तिनेही जोडले. निघालो.

"बाबा, आत्ता काय झालं?"

"संस्कार."

"स्क्रीनवर काय झालं ते विचारतेय."

"जुने आकडे धुऊन गेले. पाप जातं तसे."

"म्हणजे मोजणी शून्यापासून सुरू झाली. कुठे उभे होतो आपण तेव्हा?"

"घरासमोर. माथ्यावर."

"आणि आता?"

"खाली चाललोय. बघ, आला आकडा. नव्व्याण्णव पॉइंट नऊ."

"इंजिन चालू आहे का?"

मी कान दिला. टायरची सरसर ऐकू येत होती, दुसरं काही नाही. "नाही."

"बंद इंजिन पेट्रोल कसं पिणार? वरून एखादा दगड सोडला असता तर त्यालाही नव्व्याण्णवच पडलं असतं."

"दगडाला मीटर नसतो."

"म्हणून तो रांगेत उभा राहत नाही."

पायथ्याला तिने गाडी वळवायला लावली. "आता इथे शून्य करा, आणि झाकण न लावता वर चला."

इथे मी एक गोष्ट कबूल करतो. लिफ्टवाल्याला हे शिकवावं लागत नाही. भरलेली लिफ्ट वर न्यायला मोटरचा जीव जातो, खाली येताना नुसता ब्रेक सांभाळावा लागतो. हे मी चाळीस वर्षं हाताने अनुभवलेलं. म्हणजे झाकणाखाली काय आहे हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच झाकण काढायची भीती वाटत होती.

"शपथ घेतलीय मी," म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, शांतपणे उतरली आणि चौकातल्या थांब्यावर जाऊन आठ नंबरची वाट बघत उभी राहिली. मी मखमल चढवली आणि एकटाच वर आलो. इंजिन सात किलोमीटर घरघरत होतं. मी रेडिओ मोठा केला.

रविवारी दहाला सभागृह भरलं. बुवा पहिल्या खुर्चीवर. मी उभा राहून पत्र वाचायला घेतलं, तोच मागून लेकीने हात वर केला.

"सह्या करण्याआधी एक विनंती. एक गाडी पायथ्याला न्या, तिथे मीटर शून्य करा आणि उघड्या स्क्रीनने वर आणा. आकडा बघा, मग बसचं ठरवा."

बुवा हसले. "ताई, तराजूने श्रद्धा जोखता येत नाही."

"श्रद्धा नकोय मला. पेट्रोल जोखायचंय."

"चढ मोजला की कृपा आटते. मग मला दोष देऊ नका."

"आटली तर किती आटली तेही कळेल."

भूगोलाच्या बाई पुटपुटल्या, "शंका घेतल्यानेच होतं असं." दातांचे डॉक्टर म्हणाले, "बघायला काय हरकत आहे? पण शंकेखोराची गाडी नको. ज्यांचा पूर्ण विश्वास आहे त्यांची घ्या." सगळे माझ्याकडे वळले. हीसुद्धा. ती शेवटच्या रांगेत, मांडीवर पिशवी धरून बसली होती, आणि एवढ्या लांबून माझा चेहरा तिला धूसर दिसत असणार. तरी मला वाटलं, बघतेय.

"माझीच घ्या," मी म्हणालो. फुशारकीची इतकी सवय असते की पाय आपोआप पुढे पडतो.

"मी गाडीत बसत नाही," लेक म्हणाली. "माझ्यामुळे बिघडलं म्हणाल. बुवांना घेऊन जा. फक्त शून्य खाली करायचं, आणि बाबा, बटण तुमच्या एकट्याच्या अंगठ्याने दाबायचं."

तसं केलं. पायथ्याला मी बटण दाबलं आणि सात मोजले. सात मोजायची गरज नव्हती, तिसऱ्यालाच शून्य झालं. चढ लागला, इंजिन जागं झालं. स्क्रीनवर चौदा आला.

"एसी बंद करा," बुवा म्हणाले.

बंद केला. बारा.

"मन जड झालंय तुमचं. पुढे झुका जरा."

मी पुढे झुकलो. दहा. बुवाही झुकले. आम्ही दोन मोठी माणसं काचेला नाक लावून निघालो होतो. समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला वाटलं असेल, आम्ही गाडी कपाळाने ढकलतोय.

"श्वास हळू घ्या."

नऊ. मग आठ पॉइंट सहा. तिथे आकडा स्थिरावला आणि हलेना. शेवटच्या वळणाआधी बुवांनी नळी गळ्यातून काढून खिशात घातली. आवाजही बदलला, एकदम शेजारपाजारचा झाला.

"काका, वर गेल्यावर नव्व्याण्णव सांगा."

"दिसतंय ना सगळ्यांना. आठ पॉइंट सहा."

"आता नाही दिसणार." त्यांनी हात लांब करून बटण दाबून धरलं. टुण. स्क्रीन कोरी. "आता तुमच्या शब्दाशिवाय काही उरलं नाही. आणि मोठा आकडा तुमच्या तोंडी शोभतो. माझं दुकान चालेल, तुमचा मान राहील. बसचं काय, ती आज ना उद्या जाणारच."

वळण संपलं. सभागृहाबाहेर सगळे उभे होते. मी गाडी थांबवली. डॉक्टरांनी खिडकीतून डोकं घातलं. "कोरी आहे हो स्क्रीन."

"यंत्रही नम्र झालं," बुवा उतरत म्हणाले. "पण काकांनी आकडा पाहिलाय. काकाच सांगतील."

खोटं माझ्या जिभेवर तयार होतं. नव्व्याण्णव कशाला, एकशे चाळीस म्हणालो असतो, वर आणखी एक रिक्षावाला जोडला असता. टाळ्या पडल्या असत्या. मी हिच्याकडे पाहिलं. ती गर्दीत नव्हती. ती पलीकडे आठ नंबरच्या थांब्यावर, बाकावर बसली होती. निकाल काहीही लागो, दुपारी एकच्या बसने ती बाजाराला जाणारच होती. ती फेरी तिच्या शेवटच्या काही फेऱ्यांपैकी असेल की नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

"आठ पॉइंट सहा," मी म्हणालो.

सगळे हसले. पोट धरून हसले.

"काका, कधीतरी खरं बोलत जा," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले.

"खरंच सांगतोय. आठ पॉइंट सहा. बुवांनी बटण दाबून पुसलं."

हशा वाढला. "आता रिक्षावाल्याचंही सांगा." भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "थट्टा पुरे, सह्या करू या." आयुष्यात पहिल्यांदा भर सभेत खरं बोललो, आणि एकाही माणसाने ते खरं मानलं नाही. पेट्रोल वाढतं म्हटलं होतं तेव्हा यांचेच डोळे पाणावले होते. कुणाला बोल लावणार? हे पीक मीच लावलं होतं.

ही बाकावरून उठून आली. "किती म्हणालात?"

"आठ पॉइंट सहा."

"मग खरं आहे," ती लोकांकडे वळून म्हणाली. "चाळीस वर्षं ऐकतेय मी यांचं. खोटं सांगायचं असतं तर इतका बारका आकडा यांना सुचला नसता."

हसू थांबलं. हा पुरावा सगळ्यांना पटण्यासारखा होता.

"तरी आईचं ऐकू नका," लेक म्हणाली. "बाबांचं तर मुळीच नको. माझंही नको. प्रत्येकाकडे गाडी आहे, बटण आहे, डोळे आहेत. खाली जा, शून्य करा, उघड्या स्क्रीनने वर या. आणि आकडा कागदावर लिहून आणा."

आधी डॉक्टर गेले, मग एकेक करत सगळ्या गाड्या गेल्या. तासाभरात कागद जमू लागले. आठ पॉइंट दोन. नऊ पॉइंट एक. आठ पॉइंट आठ. डॉक्टरांचे सात पॉइंट नऊ, कारण त्यांचा पाय जड आहे. भूगोलाच्या बाई सगळ्यांत शेवटी आल्या आणि बराच वेळ गाडीतून उतरल्याच नाहीत. मग खाली आल्या, कागद दिला आणि म्हणाल्या, "तीस वर्षं मी पोरांना फळ्यावर टेकड्या काढून चढ-उतार शिकवला."

लेकीने हिशेब साधा ठेवला. वर येताना सात किलोमीटरला साधारण पाऊण लिटरच्या वर, म्हणजे शून्य पॉइंट आठ लिटर जातं. खाली जाताना जवळपास काही नाही. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर, शून्य पॉइंट आठ लिटर. "म्हणजे लिटरला साडेसतरा. हे तुमच्या गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज. जुन्या गाड्यांपेक्षा चांगलं आहे, लाजायचं कारण नाही. बुवांनी फक्त चढ झाकला आणि उतार दाखवला."

"आणि बस?" डॉक्टरांना अजून आशा होती.

आठ नंबरचा ड्रायव्हर फेरी आणून तिथेच उभा होता. "जाऊन-येऊन पाच लिटर जातात," तो म्हणाला. "चढाला फार खाते."

"ऐका," डॉक्टर म्हणाले. "लिटरला तीन किलोमीटरसुद्धा नाही. आणि आम्ही साडेसतरावाले."

"डॉक्टरकाका, बसमध्ये सहा माणसं असतील तर तुमचंच बरोबर," लेक म्हणाली. "सहा जणांचे मिळून चौऱ्याऐंशी किलोमीटर, पाच लिटरमध्ये. माणशी लिटरला सतरा पडतात. एकट्याने गाडी हाकली तरी जवळजवळ तेवढेच. रिकामी बस काही पुण्य करत नाही." मग ती आत गेली आणि सभागृहातल्या पाण्याच्या लिटरभराच्या बाटल्या घेऊन आली. बाहेर कागद जमवायला मांडलेल्या टेबलाच्या एका कडेला सतरा मांडल्या. "एकवीस गाड्या, एकेक माणूस, एकदा खाली आणि वर. एवढं पेट्रोल." दुसऱ्या कडेला पाच मांडल्या. "तीच एकवीस माणसं, एक बस. एवढं." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि चाळीस बसली तरी जवळपास पाचच."

टेबलाकडे बघत सगळे उभे राहिले. सतरा आणि पाच यांच्यातला फरक कळायला डोळे मिटावे लागत नाहीत.

तेवढ्यात कुणीतरी विचारलं, बुवा कुठे आहेत? बुवा थांब्यावर उभे होते. पिशवी काखेत, हातमोजे काढलेले.

"हे रोजच माझ्या बसने येतात," ड्रायव्हर म्हणाला. "सकाळी साडेसातला वर, संस्कार झाले की खाली. सहामधले एक हेच."

मी त्यांच्याजवळ गेलो. "बुवा, तुम्ही गाडीने का नाही येत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. थोडे ओशाळले, पण लपवायला आता काही नव्हतं. "मी शोरूममध्ये होतो, काका. नव्या गिऱ्हाइकांना बटणं समजवायचो. इथे सकाळी एकाला मीटर शून्य कसा करायचा ते दाखवलं, तो टेकडी उतरून गेला, आकडा बघून परत आला आणि पायाच पडला. मी काय करणार? विकल्या गेलेल्या प्रत्येक गाडीमागे शोरूमकडून माझा वाटा ठरला होता, मग झाकणं शिवून घेतली."

"पण गाडी का नाही?"

"चढाला फार पिते हो," ते म्हणाले आणि बसमध्ये चढले.

सभा पुन्हा बसली. माझं सुवाच्य अक्षरातलं पत्र मी सगळ्यांसमोर आडवं-उभं खोडलं. नवीन लिहायला घेतलं: बस हवी. लेकीने कागदावर बोट ठेवलं. "नुसतं हवी लिहून काय उपयोग? बसणार कोण ते लिहा. नाहीतर सहाचे पाच झालेत आजच." मग नावं विचारली. गावात रोज एकाच वेळी जाणारे, एकाच रस्त्याने जाणारे, ज्यांना सामान वाहायचं नव्हतं, असे एकोणीस हात वर आले. डॉक्टरांना अवजारांची पेटी न्यावी लागते, त्यांनी गाडी ठेवली, आणि ते त्यांनी सरळ सांगितलं. मला गावात काही काम नसतं, आकडा बघायलाच रोज उतरायचो, तरी मी हात वर केला.

सोमवारी सकाळी मी हिच्याबरोबर आठ नंबरमध्ये चढलो. ही खिडकीशी बसली. मी शेजारी बसू लागलो तर म्हणाली, "अहो, इथे ग्रंथालयातली बसते, पुढच्या थांब्यावर चढते. तुम्ही मागे जा." मागे भूगोलाच्या बाई होत्या. त्यांनी खिडकीशी सरकून मला जागा दिली.

"काका, आपण शिकलेली माणसं. मग असं कसं झालं?"

"आवडणारा आकडा होता," मी म्हणालो. "आवडणाऱ्या आकड्याची उलटतपासणी कोण करतं?"

"पुढच्या वेळी कोणी दुसरा येईल. नळी नसेल त्याच्याकडे, तक्ता असेल."

"येईल. मग विचारायचं, मोजायला सुरुवात कुठून केलीस, थांबलास कुठे आणि मधलं काय दाखवत नाहीस? उत्तर दिलं तर ऐकून घ्यायचं. चिडला, शंका घेऊ नका म्हणाला, तर उठायचं. आणि ऐकलं तरी घरी येऊन एकदा स्वतः मोजायचं. मी सांगितलं म्हणून नाही. मी तर कोण, मला कुणी विचारतही नाही."

"मी विचारतेय ना," बाई म्हणाल्या. मला थोडं बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं धोक्याचं आहे हेही लगेच आठवलं.

चौकात बस थांबली. ही मैत्रिणीशी बोलत बोलत उतरली, पदर सारखा केला आणि ग्रंथालयाच्या दिशेने चालू लागली. किती वाजता येणार, कशाने येणार, मी कुठे असेन, यातलं काही तिने मला विचारलं नाही. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.